चारांतलं दुसरं गाणं

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कवीने रेडिओवर यावं आणि कविता न म्हणता सिनेमातल्या एका गाण्याची वकिली करावी, हे काही जणांना विचित्र वाटेल. पण ज्याची बाजू कुणी घेत नाही त्याचीच वकिली करावी लागते. 'झिंगाट'ला माझी गरज नाही. 'याड लागलं'ला तर मुळीच नाही. आज मी ज्याच्यासाठी उभा आहे ते गाणं त्याच 'सैराट'मधलं आहे : 'आताच बया का बावरलं'.

तुम्ही म्हणाल, या गाण्याला काय झालंय? श्रेया घोषालने गायलंय, अजय-अतुलने चाल दिलीय, लाखो लोकांनी ऐकलंय. सगळं खरं. पण ऐकणं वेगळं आणि मानणं वेगळं. एखाद्या घरी चार भावंडं असतात. तिघांचं कौतुक पाहुण्यारावळ्यांसमोर भरभरून होतं आणि एकीविषयी 'ती पण चांगली आहे' एवढं बोलून चहा ओतायला घेतात. या गाण्याचं तसं झालं आहे. 'ते पण चांगलं आहे.' त्या 'पण'शी माझं भांडण आहे.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ला आला. तो उन्हाळा मराठवाड्यातल्या माणसाला आठवायला सांगावं लागत नाही. लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. आमचं पाचोड मोसंबीचं गाव. पैठण तालुक्यातलं, बीडकडे जाणाऱ्या महामार्गावरचं. त्या साली आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळत होत्या. आणि त्याच उन्हाळ्यात लग्नाच्या प्रत्येक वरातीत, हळदीत, ट्रॅक्टरवर, टेम्पोत हीच चार गाणी वाजत होती. चारच गाणी. पहिलं 'याड लागलं', दुसरं 'आताच बया का बावरलं', तिसरं 'सैराट झालं जी' आणि चौथं 'झिंगाट'.

तेव्हापासून या चारांची क्रमवारी लावायचा खेळ सुरू आहे. टपरीवर, कॉलेजच्या कट्ट्यावर, आडतीवर गाडी खाली होण्याची वाट पाहणाऱ्या पोरांत. पहिल्या नंबरावरून वाद होतात. कुणी 'याड'चा, कुणी 'झिंगाट'चा. शेवटच्या नंबरावर मात्र सगळ्यांचं एकमत असतं. 'आताच बया'. का, असं विचारलं की तीन-चार कारणं ठरलेली. त्यात ठेका नाही, नाचता येत नाही. श्रेया घोषालचा आवाज फार गोड, खेड्यातल्या पोरीचा वाटत नाही. एवढी व्हायोलिनं कशाला, गाव आहे की विलायत? आणि शेवटचं कारण म्हणजे अजय-अतुलचं असं गाणं आधी कुठं तरी ऐकल्यासारखं वाटतं.

शेवटच्या हरकतीचं उत्तर सर्वांत सोपं आहे, म्हणून आधी देतो. अजय-अतुलचं गाणं अजय-अतुलसारखं वाटत असेल, तर तो गुन्हा नव्हे. आईच्या हातची आमटी रोज आईच्याच हातची लागते. आपण त्याबद्दल तक्रार करत नाही.

बाकीच्या हरकतींकडे वळण्याआधी गाण्याच्या नावाकडे पाहू. मी बी.ए. मराठी घेऊन झालो. व्याकरण शिकवणारे गुरुजी सांगत, वाक्यात कर्ता शोधा, मग सगळं सापडतं. या नावात कर्ता शोधून पाहा. 'मी बावरले' असं नाही. 'मन बावरलं' असंही नाही. नुसतं 'बावरलं'. काय बावरलं, कोण बावरलं, याचा पत्ता नाही. 'याड लागलं' आणि 'सैराट झालं' यांचीही घडण अशीच आहे. त्या वयात माणूस काही करत नाही, त्याला काही तरी होतं. आपल्या भाषेला हे पक्कं ठाऊक आहे.

पण तिन्हींत एक फरक आहे. 'याड लागलं' ही बातमी आहे. 'सैराट झालं जी' ही तर दवंडी आहे; त्यातला 'जी' थेट शाहिराच्या साथीदारांकडून आला आहे. 'आताच बया का बावरलं' हा मात्र प्रश्न आहे. तोही दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच. 'बया' हा शब्द आमच्याकडे बाईमाणूसच वापरतं, आणि बहुधा दुसऱ्या बाईशी बोलताना किंवा आपल्याशीच. आमच्या घरात दखनी बोलतात. ज्या प्रसंगाला आमच्या घरी 'उई अम्मा' निघेल, त्याच प्रसंगाला शेजारच्या घरी 'अगं बया' निघतं. पुरुष ऐकत असतील-नसतील, हा उद्गार त्यांच्यासाठी नसतो.

आणि 'बावरणं' हे फार नेमकं क्रियापद आहे. ज्याने गुरांचा बाजार पाहिला आहे त्याला ते कळेल. बाजारात पहिल्यांदा आणलेलं वासरू बावरतं. बावरलेलं वासरू पळत नाही आणि जवळही येत नाही. कान टवकारून, पाय रोवून उभं राहतं. सगळं नवं त्याला दिसत असतं, पण त्याचं काय करायचं ते ठरलेलं नसतं. बावरणं म्हणजे हे मधलं उभं राहणं. होकार नाही, नकार नाही. या मधल्या जागेवर एक अख्खं गाणं बेतलं आहे, आणि म्हणून मी त्याला चारांतलं सर्वांत धाडसी गाणं म्हणतो.

धाडसी कसं? जरा मागे जाऊन पाहावं लागेल.

बाईच्या तोंडून बोलायची सवय मराठी कवितेला फार जुनी आहे. आमच्या तालुक्याचं गाव पैठण. तिथे सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी गवळणी लिहिल्या, भारुडांत बाईच्या तोंडून गाऱ्हाणी मांडली. पुढे शाहिरांनी लावणी लिहिली. लिहिणारे पुरुष, बोलणारी बाई. 'आताच बया'चंही तेच आहे. शब्द संगीतकार भावांचे आणि बोलणारी मुलगी. पण गवळणीतल्या राधेच्या समोर कृष्ण असतो आणि त्याच्या आडून देव असतो. लावणीतली बाई फडाकडे तोंड करून उभी असते. ती लाजते तेही फडाला दिसावं म्हणून. या गाण्यातल्या मुलीच्या समोर कुणीच नाही. ती कुणाला रिझवत नाही, कुणाकडे गाऱ्हाणं नेत नाही. आपल्यात काय चाललंय ते ती आपणच पाहते आहे.

बायकांनी स्वतः रचलेली गाणीही आपल्याकडे उदंड आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जगात दुसरीकडे असा साठा क्वचितच असेल. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेब आहेत. वयात आलेल्या मुलीबद्दलही ओव्या आहेत. पण त्यांत बहुधा आई बोलते. मुलीला जपायला सांगते, गावाच्या नजरेची भीती घालते. मुसलमान बायकांच्या जात्यावरही गाणी होतीच. दख्खनच्या सूफींच्या नावावर चक्कीनामे सांगितले जातात. त्यात पीठ दळता दळता अल्लाचं नाव घ्यायची शिकवण आहे. माझी नानी पहाटे जे गुणगुणायची त्यात पीर होते, मक्का-मदिना होती, मेलेली मुलं होती. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला एखादा पोरगा आवडला तर तिच्या आत काय होतं, हे मात्र त्यात नव्हतं. नानीला ते कधी झालंच नसेल असं मला वाटत नाही. ते गाण्यात आणायची सोय नव्हती, एवढंच.

तेव्हा ठेका नाही, नाचता येत नाही, ही पहिली हरकत मी मान्य करतो आणि ती गाण्याच्या बाजूने नोंदवतो. नाचायला माणसं लागतात. वरात लागते, चौक लागतो, आणि आमच्याकडे चौक पुरुषांचा असतो. हे गाणं चौकातलं नाहीच.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात एक लग्न होतं. पोरांनी डीजे आणला होता. 'झिंगाट' तीनदा वाजून झालं. माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी बायकांच्या बाजूने चिठ्ठी पाठवत होत्या, 'आताच बया' लावा. डीजेवाल्या पोराने चिठ्ठी वाचली, हसला आणि म्हणाला, "वो सुस्त गाना है, पब्लिक बैठ जाती." चिठ्ठी खिशात घातली आणि चौथ्यांदा 'झिंगाट' लावलं. दुसऱ्या दिवशी मी भाचीला म्हटलं, "काय गं, तुमची फर्माइश राहिलीच." ती म्हणाली, "जाने दो मामू. वो नाचने का गाना नै है. अकेले सुनने का है." कॉलेजला जाताना एस.टी.त खिडकीजवळ बसून ती ते ऐकते, असंही तिनेच सांगितलं. ओढणीखाली इअरफोन असतो. शेजारी बसलेल्याला पत्ता नसतो.

श्रोतेहो, गाण्याची लोकप्रियता आपण कशावर मोजतो? वरातीत किती वेळा वाजलं यावर. ओढणीखाली किती वेळा वाजलं हे मोजणारं यंत्र आपल्या गावात नाही. आपली क्रमवारी ही चौकातल्या कानांनी लावलेली आहे, आणि चौकात ज्यांना जागा नाही त्यांचं मत तिच्यात धरलेलं नाही.

आता दुसरी हरकत, श्रेया घोषालच्या आवाजाची. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगायची धमकी देते. रिंकू राजगुरू ही अकलूजची मुलगी. चित्रपट आला तेव्हा शाळेत होती. तिच्या कामाची राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही विशेष दखल घेतली गेली. तिचा बोलण्यातला आवाज रांगडा, खणखणीत. मग गाण्यात एकदम असा रेशमी आवाज का, असं लोक विचारतात.

माझं म्हणणं असं की, तो फरक हाच गाण्याचा मुद्दा आहे. आर्चीचा बाहेरचा आवाज खणखणीत आहे, कारण पाटलाच्या पोरीला तसाच आवाज शोभतो. तिला तो वारशात मिळाला आहे. त्यात बापाची सत्ता आहे, भावाची मस्ती आहे. वर्गात ती परश्याकडे टक लावून पाहते आणि मान खाली घालायची पाळी त्याच्यावर येते. हे सगळं ती त्या बाहेरच्या आवाजाच्या बळावर करते. पण एकटी असताना कोणती मुलगी बुलेटच्या आवाजात विचार करते? आतला आवाज प्रत्येकाचाच वेगळा असतो. तो बापाकडून येत नाही. आर्चीच्या आयुष्यात तिचं स्वतःचं म्हणावं असं जे पहिलं काही घडतं, ते या गाण्यात घडतं. तिथे उसना आवाज चालला नसता.

आणि परकेपणाचंच म्हणाल, तर २००९ साली आलेल्या 'जोगवा'तल्या 'जीव रंगला'साठी याच गायिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा कुणी तक्रार केली नव्हती. तिथे दुःख होतं. मराठी माणूस बाईच्या दुःखाला रेशमी आवाज लगेच मंजूर करतो. तिच्या आनंदाला मंजुरी देताना मात्र तो अस्सलपणाचा दाखला मागतो.

तिसरी हरकत व्हायोलिनांची. या चित्रपटाच्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसला, सोनीच्या स्टुडिओत, तिथल्या मोठ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण झालं. ही बातमी तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत होती. काहींनी कौतुक केलं, काहींनी नाकं मुरडली. करमाळ्याच्या रानात, उसाच्या बांधावर, केळीच्या बागेत हॉलिवूडची व्हायोलिनं कशाला, हलगी असताना?

हलगी मला प्रिय आहे. पण खेड्याच्या वाट्याला फक्त हलगी आणि मोठा वाद्यवृंद फक्त राजवाड्याला, हे कुणी ठरवलं? शहरातली नायिका प्रेमात पडली की पन्नास व्हायोलिनं वाजलेली हिंदी सिनेमात आपण गेली सत्तर वर्षं ऐकतो आहोत. तिथे कुणी विचारत नाही की बाई, ही व्हायोलिनं बागेत आली कुठून. मग करमाळा तालुक्यातल्या पोरीच्या मनात तेवढीच मोठी लाट उठली, तर तिला तेवढीच वाद्यं का नकोत? या गाण्यात तंतुवाद्यं उसळतात ती त्या पोरीच्या छातीतल्या धडधडीच्या मापाची आहेत. तिचं मन लहान गावात राहतं म्हणून लहान असेल, हे मानायला संगीतकारांनी नकार दिला. मला तर तो त्यांचा मोठेपणा वाटतो.

आता जरा वेगळ्या गोष्टीकडे येतो. २०१८ साली 'सैराट'चा हिंदी अवतार निघाला, 'धडक'. संगीतकार तेच, अजय-अतुल. मराठीतल्या चार गाण्यांपैकी दोन चाली त्यांनी हिंदीत नेल्या. एक 'झिंगाट', तीही त्याच नावाने. दुसरी 'याड लागलं'ची. ती 'पहली बार' झाली. म्हणजे गर्दीचं गाणं गेलं आणि मुलाचं गाणं गेलं. मुलीचं गाणं इथेच राहिलं. यात कुणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्या पटकथेची काही गरज असेल, बाजाराचा काही हिशेब असेल. पण कोणतं गाणं सोडलं तरी गोष्ट चालेल असं वाटलं, ते यातून दिसतं. आणि माझं तर म्हणणं आहे की हे गाणं सोडलं तर गोष्ट चालत नाही.

चार गाण्यांचा क्रम पुन्हा एकदा लावून पाहा. पहिल्या गाण्यात मुलाला याड लागतं. दुसऱ्यात मुलगी बावरते. तिसऱ्यात दोघं सैराट होतात. चौथ्यात सगळं गाव नाचतं. यातलं दुसरं गाणं काढून टाका. काय उरतं? एका मुलाला एका मुलीचं याड लागलं, आणि मग एकदम दोघं सैराट झाले. तिला काय वाटलं? तिला कुणी विचारलं का? मधली पायरीच गायब. वर्तमानपत्रांत आपण 'एकतर्फी प्रेमातून' या शब्दांनी सुरू होणाऱ्या बातम्या वाचतो. त्या बातमीतल्या पोरालाही याडच लागलेलं असतं. पहिलं गाणं त्यालाही लागू पडतं. त्या पोरात आणि परश्यात फरक करणारं एकच गाणं या चित्रपटात आहे, ते दुसरं. तिच्या मनात काही तरी हललं, हे ती स्वतः सांगते, तेव्हाच पहिल्या गाण्यातलं वेड निर्धोक होतं. तिसऱ्या गाण्याला दोन आवाज मिळतात तेही दुसऱ्याने वाट करून दिली म्हणून. अजय गोगावलेंबरोबर चिन्मयी श्रीपादा तिथे गाते. ज्या गाण्याला आपण शेवटचा नंबर दिला, त्याच्यावर बाकीच्या तिघांचा भार आहे.

काही वडीलधाऱ्यांचा आक्षेप याहून वेगळा होता. तो आमच्या गावातही ऐकू आला, मशिदीच्या ओट्यावर आणि मारुतीच्या पारावर सारखाच. असल्या गाण्यांनी पोरी बिघडतात. शाळेच्या वयात हे काय?

त्यांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. मीही मुलीचा बाप आहे. पण पुन्हा त्या क्रियापदाकडेच बोट दाखवतो. बावरणं म्हणजे पळून जाणं नव्हे. या गाण्यात मुलगी काहीच ठरवत नाही. ती फक्त विचारते, आत्ताच का? ज्या मुलीला स्वतःला हा प्रश्न विचारायची मुभा असते, ती उत्तर द्यायला वेळ घेते. जिला ती मुभा नसते, तिच्यापुढे दोनच रस्ते उरतात. एक तर घरच्यांनी ठरवलेल्या तारखेला मान खाली घालून उभं राहायचं, नाही तर एका रात्रीत घर सोडायचं. मधलं बावरणं नाकारलं की दोन्ही टोकं जवळ येतात.

हे मी नुसतं कवी म्हणून बोलत नाही. आमच्या पाचोडला इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस या संस्थेने आजूबाजूच्या खेड्यांत किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग सुरू केले. संध्याकाळी तासभर, वर्षभर. शाळा सुटलेल्या मुली, शेतात जाणाऱ्या मुली, सगळ्या त्यात. आरोग्याची माहिती, कायद्याची माहिती, घरात आपलं म्हणणं कसं मांडायचं त्याची तयारी. काही वर्षांनी मोजणी झाली तेव्हा त्या भागातलं मुलींच्या लग्नाचं मध्यक वय, म्हणजे निम्म्या मुलींची लग्नं ज्या वयाच्या आत होतात ते वय, १६ वरून १७ झालेलं आढळलं.

एक वर्ष. शहरातल्या श्रोत्याला यात विशेष वाटणार नाही. पण सोळा आणि सतराच्या मधलं एक वर्ष मुलीच्या हाती राहणं म्हणजे काय, ते खेड्यात कळतं. त्या वर्षात ती अकरावीला जाते. सायकलवरून दुसऱ्या गावाला जाऊन येते. मैत्रिणीशी भांडते, गट्टी करते. आणि बावरते. कुणाकडे तरी पाहून, किंवा आरशात स्वतःकडे पाहून. त्यातून लग्न होईल, न होईल. पण ते वर्ष तिचं असतं. ते मिळवायला एका संस्थेला किती संध्याकाळी गावोगाव वर्ग भरवावे लागले! २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. मराठवाड्यात हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून जास्त आहे. म्हणजे दर पाचांतल्या एकीला तरी ते वर्ष अजून मिळालेलं नाही.

आणि दुसरं टोक? तेही दूर नाही. डिसेंबर २०२१मध्ये आमच्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात, आपल्या पसंतीने लग्न केलेल्या एका मुलीचा जीव तिच्याच भावाने घेतला. 'सैराट'चा शेवट ज्यांनी पाहिला आहे त्यांना यापुढे सांगायची गरज नाही. चित्रपट येऊन पाच वर्षं झाली होती. 'झिंगाट' तोवर महाराष्ट्राच्या प्रत्येक वरातीत वाजून गेलं होतं. ज्या हातांनी टाळ्या दिल्या असतील, त्याच हातांत पुढे काय आलं, याचा विचार केला की झोप लागत नाही. चारांतलं चौथं गाणं आपण पायांनी ऐकलं. दुसरं ऐकायचं राहूनच गेलं.

एका गाण्याने समाज बदलतो असं मी म्हणणार नाही. कविता लिहिण्यात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाचा तेवढा भाबडेपणा शिल्लक नसतो. या गाण्याच्याही मर्यादा आहेत. ते एका मुलीच्या मनातलं आहे, पण मुलीने लिहिलेलं नाही. पुरुषांनीच तिच्या जागी उभं राहून अंदाज बांधला आहे. अंदाज प्रामाणिक आहे, बरोबरही आहे, पण अंदाजच. आर्चीच्या वयाची, आर्चीच्या मुलखातली एखादी मुलगी स्वतःचं बावरणं स्वतः लिहील, तेव्हा हे गाणं दुसऱ्या नंबरावर जाईल, आणि मला त्याचा आनंदच होईल. तोवर मात्र आपल्या भाषेत तरुण पोरीच्या त्या मधल्या जागेसाठी एवढं मोठं, एवढं मोकळं आणि एवढ्या लोकांपर्यंत पोचलेलं दुसरं गाणं मला दिसत नाही. 'ते पण चांगलं आहे' एवढ्यावर त्याची बोळवण करू नये, इतकीच माझी मागणी आहे.

तेव्हा एक करा. आज रात्री जेवणं आटोपली, भांडी झाली की हे गाणं एकदा लावा. मोठ्याने नको. क्रमवारी लावायची घाई नको. शक्य झालं तर एकट्याने ऐका. आणि उद्या-परवा कधी घरातली लेक, भाची, पुतणी ओट्याशी भाजी चिरता चिरता ते गुणगुणताना कानावर आलं, तर तिला 'काय गं, काय भानगड आहे?' असं विचारू नका. टीव्हीचा आवाज थोडा कमी करा, आणि तिला ते शेवटपर्यंत गुणगुणू द्या.